२ केबीचा बॅकअप

आवाज शनिवारी रात्री आला. टक, टक, मग घर्र, मग जरा दम खाऊन पुन्हा टक. घरचा डेस्कटॉप सहा वर्षांचा, त्यात १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. फोटोंचं फोल्डर उघडायला गेले तर माउसच्या जागी निळं कडं दोन मिनिटं गरगरत राहिलं. मग मी नेमकं जे करू नये तेच केलं. बटण दाबून बंद केला, चालू केला, पुन्हा बंद, पुन्हा चालू. चौथ्या खेपेला विंडोज एकदाचं आलं आणि मला वाटलं, सुटले.

कसची सुटतेय. सगळं मार्गी लागायला त्या रात्रीपासून सोळा दिवस गेले. मी संगणकातली नाही. भाषांतरं करते, टायपिंग बरं आहे, स्क्रू ड्रायव्हर हातात धरला की हात कापतात. त्या दिवसांत मला जी माहिती सापडत होती ती एकतर जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली होती, नाहीतर शेवटी काहीतरी विकत होती. म्हणून माझ्यासारख्याच कुणासाठी हे सगळं लिहून ठेवतेय, चुकांसकट.

रविवारी सकाळी मावसभावाला फोन लावला. तो सर्व्हर सांभाळतो. "ताई, फोन डब्याजवळ धर," म्हणाला. ऐकलं आणि म्हणाला, "एकदा स्मार्टचे आकडे वाच आणि लगेच बंद कर. पुन्हा पुन्हा चालू करत बसू नकोस."

स्मार्ट म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची स्वतःच ठेवलेली वही. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात माझ्या डिस्कसमोर पिवळा चौकोन आणि सावधानतेचा इशारा होता. बघायच्या ओळी दोन-तीनच. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे सेक्टर. माझ्या सी५पुढे होतं एफ०. मी समजले काहीतरी शून्य आहे. त्या प्रोग्रॅममध्ये हे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायानं मोजलेले दिसतात, हे भावानं सांगितलं. एफ० म्हणजे २४०.

"बॅकअप आहे ना?"

"आहे की. एक्सटर्नल डिस्कवर, दोन वर्षांपूर्वीचा."

ती डिस्क लॅपटॉपला लावली. फोटो होते, दोन वर्षांपूर्वीपर्यंतचे. 'बाबा' नावाचं फोल्डरही दिसलं. बाबांनी निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षं टाइप केलेल्या आठवणी, पत्रं, टिपणं असं सगळं त्यात. त्यावर डबल क्लिक केलं तर विंडोजनं सांगितलं, ही जागा सापडत नाही. फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण होता. मी डेस्कटॉपवरून फोल्डर नव्हे, फोल्डरचा शॉर्टकट कॉपी केला होता. आकार २ केबी. दोन वर्षं मी त्या २ केबीच्या भरवशावर निर्धास्त झोपले होते.

भावाचा पुढचा प्रश्न साधा होता आणि मला त्याचंही उत्तर देता आलं नाही. "नेमकं काय काय वाचवायचंय? आणि ते डिस्कवर कुठे आहे?" मी म्हटलं, फोटो आणि बाबांचं लिखाण. "आणि?" आणि... तुझं काय काय असतं तसंच सगळं. "यादी कर, कागदावर," म्हणाला. त्या दिवशी कागदावर पाच ओळी झाल्या. सोळाव्या दिवशी तेवीस होत्या.

सोमवारी मी त्याचं ऐकलं नाही. तो म्हणाला होता, सामान येईपर्यंत संगणकाला हात लावू नकोस. मला दम निघेना. कुठेतरी वाचलं की माउसनं ओढून कॉपी करण्यापेक्षा विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा बरी, कारण मध्येच अडलं तरी ती काम टाकून देत नाही. रात्री लावून झोपले. सकाळी बघते तर एकाच फाइलवर अडकलेली, डिस्क टकटक करतेय. अडलेल्या फाइलसाठी रोबोकॉपी काहीच सांगितलं नाही तर १० लाख वेळा प्रयत्न करते, आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. नंतर बसून हिशोब केला. एका फाइलपायी ३४७ दिवस. चिकाटीचं कौतुक आहे, पण मरणाऱ्या डिस्कचं डोकं रात्रभर त्याच जखमेवर आपटत राहिलं होतं. सी५ २४०चा ३९२ झाला होता. चांगल्या डिस्कवर रोबोकॉपी वापरायची असेल तर /आर:१ /डब्ल्यू:१ असं जोडून द्या, म्हणजे एकदाच पुन्हा बघते आणि पुढे जाते. आजारी डिस्कवर वापरूच नका.

दुसरा मोह चेकडिस्कचा. विंडोज स्वतःच सुचवतं, डिस्क तपासून दुरुस्त करू का? भावानं निक्षून सांगितलं की डेटा बाहेर निघेपर्यंत हे नाही. ती दुरुस्ती फाइलींच्या नोंदी जुळवते, त्यासाठी त्याच डिस्कवर लिहिते, आणि न जुळणारं काही असेल तर तोडून टाकते. डिस्क धड असेल तर ठीक. आपली धड नव्हती.

मंगळवार-बुधवार सामानात गेले. २ टीबीची नवी हार्ड डिस्क, कारण अख्ख्या डिस्कची नक्कल जिच्यावर घ्यायची ती मूळ डिस्कहून मोठीच हवी. जेमतेम तेवढीच घेतली आणि काही बाइट कमी भरले तर शेपूट कापलं जातं. एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि आणखी एक साधा. आणि साटा-टू-यूएसबी केबल (साटा म्हणजे डिस्क संगणकाला आतून जोडायची सोय), जी मी चुकीची आणली. डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीतून ५च मिळतात. ज्या केबलला वेगळा अडॅप्टर नसतो ती फक्त लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी. लावली तर नवी डिस्क हूं की चूं करेना. मी हादरले, ही पण गेली?

"ताई, डबा उघड. मदरबोर्डवर साटाचे रिकामे खाच असतील." होते, दोन. तशी डिस्क आतच जोडणं अशा कामाला बरं, असंही तो म्हणाला, कारण खराब सेक्टर आला की यूएसबीचा दुवा कधी कधी डिस्कच सोडून देतो. वीज काढून, दोन मिनिटं थांबून, डब्याच्या धातूला हात लावून मग आत हात घातला. एल आकाराचं टोक एकाच बाजूनं बसतं. जोर लावावा लागला नाही. लागत असेल तर उलटं धरलंय असं समजा.

गुरुवारपासून खरं काम. सिस्टीमरेस्क्यू नावाची लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, मोफत मिळते. ती दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये भरायची आणि त्यावरूनच आपला संगणक सुरू करायचा, म्हणजे आजारी डिस्कवरचं विंडोज जागंच होत नाही. सुरू होताना कोणती कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा हे यंत्रागणिक बदलतं. माझ्याकडे एफ१२ होती, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मांडणीत जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारा पहारा) तात्पुरतं बंद करावं लागलं. तुमची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर हे करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज तीच मागत बसेल. माझी कुलूपबंद नव्हती.

त्या लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू असतं. त्याची रीत मला फार आवडली. ते आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, अडलं की उडी मारून पुढे जातं, आणि राहिलेल्या जागा नकाशाच्या फाइलीत टिपून ठेवतं. मग उलट येऊन त्या जागांच्या कडा कुरतडतं, आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडतं. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवावेत तसं. डिस्क मध्येच कायमची बसली तरी बहुतेक सगळं तोवर हाती आलेलं असतं.

पण आज्ञा देण्याआधी घाम फुटतो, कारण कुठून आणि कुठे हे दोन शब्द उलटे पडले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते आणि काम तमाम. लिनक्सला डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावांनी दिसतात आणि पुढच्या वेळी सुरू केल्यावर ही नावं तीच राहतील असं नाही. मी दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे अनुक्रमांक कागदावर लिहिले, एलएसबीएलके या आज्ञेनं पडद्यावरचे अनुक्रमांक काढले, भावाला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवले, त्यानं परत मला वाचून दाखवले. मग एंटर.

आता माझी सगळ्यात महागडी चूक. नकाशाची फाइल मी समोर होती त्याच फोल्डरमध्ये ठेवली. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये ते फोल्डर डिस्कवर नसतं, मेमरीत असतं. सहा तासांनी क्षणभर वीज गेली. संगणक बंद, नकाशा गायब. नक्कल झालेला भाग नव्या डिस्कवर होता, पण कुठवर झालं आणि काय राहिलं याची नोंदच उरली नाही. आधीच दमलेल्या डिस्कला सहा तास फुकट पळवलं. त्या रात्री मी कुणाशी बोलले नाही. तेव्हा, नकाशाची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर, आणि शक्य असेल तर संगणक यूपीएसवर.

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा सुरुवात, या वेळी पेनड्राइव्ह जोडून. डब्याचं झाकण उघडं आणि समोर टेबल फॅन, कारण डिस्क ४९ अंशांवर गेली होती; पंख्यानं ३८वर आली. वेग सुरुवातीला सेकंदाला १५० एमबी दिसत होता आणि हळूहळू उतरत गेला. मी घाबरले, पण ते आजारपण नव्हे. फिरत्या तबकडीची बाहेरची कडा एका फेरीत जास्त अंतर कापते, म्हणून तिथे वेग जास्त. आत आत गेलं की तो कमी होणारच. धड डिस्क असती तर १ टीबी तीन तासांत आटोपलं असतं. माझ्या पहिल्या फेरीला नऊ तास लागले. शेवटी वाचायचे राहिले १९० एमबी. आणखी दोन रात्री कुरतडणं आणि खरवडणं चालू दिलं. सोमवारी सकाळी पडद्यावर होतं ९९.९९ टक्के, न मिळालेलं ३८० केबी.

३८० केबी म्हणजे काहीच नाही, असं कुणीही म्हणेल. पण माझ्या बाबांच्या एका फाइलीचा आकार ४० केबी असतो.

इथे भावानं एक युक्ती सांगितली, जी डीडीरेस्क्यूच्या माहितीपुस्तिकेतच आहे. नकाशाला माहीत असतं की नक्कल केलेल्या डिस्कवर कुठे भोकं राहिली. त्या भोकांत आपल्या आवडीचं वाक्य भरायला सांगता येतं. 'खराब सेक्टर' अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द भरला, आणि मग नकलेतल्या सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधायला लावला. ज्या फाइलीत सापडेल ती जखमी. शोधाला पाच तास लागले. यादी आली नऊ नावांची. पाच विंडोजच्या स्वतःच्या फाइली, एक प्रोग्रॅमची, एक व्हिडिओ, दोन फोटो. बाबांचं एकही नाव नाही. ती यादी मी तीनदा वाचली.

एका फोटोचा खालचा अर्धा भाग सपाट करडा झाला होता, दुसऱ्याचे रंग एका पट्ट्यापासून सरकले होते. पहिला जुन्या एक्सटर्नलवर अख्खा सापडला, म्हणजे ती डिस्क अगदीच कुचकामी नव्हती. दुसरा गेला. व्हिडिओ मध्ये एकदा अडखळतो आणि पुढे चालतो.

आता परत भरणं. नक्कल घेतलेल्या डिस्कवरूनच जुनं विंडोज चालवता आलं असतं, पण त्याच्या पाच फाइली जखमी होत्या, आणि विंडोज १०चा मोफत पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. म्हणून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घेऊन त्यावर कोरं विंडोज ११ टाकलं. त्यासाठी लागणारं टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग, संगणकात होतं, फक्त बायोसमध्ये बंद होतं. विंडोज टाकताना बाकी सगळ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवा. नाहीतर सुरू होण्यासाठीचा छोटा हिस्सा ते भलत्याच डिस्कवर मांडतं आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक उठतच नाही. परवान्याची चिंता मी उगाच करत होते. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डला बांधलेला असतो, डिस्क बदलली तरी इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपलं आपण मान्य झालं.

मग नक्कल जोडली. माझंच फोल्डर उघडायला गेले तर नवं विंडोज म्हणे, तुम्हाला परवानगी नाही. जुन्या विंडोजमधली मी आणि नव्यामधली मी त्याच्या लेखी दोन वेगळ्या बायका. कंटिन्यू दाबलं की ते एकेका फाइलीचे हक्क बदलत बसतं. माझ्याकडे पाऊण तास लागला. मध्येच बंद करू नका. ४१२ जीबी सावकाश आलं. फोटो आले, कागदपत्रं आली, डेस्कटॉप आला.

आणि बुधवारी कळलं की यादी अपुरी होती. ब्राउझरची पुस्तकखूण नाही. भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये आठ वर्षं जमवलेला माझा शब्दसंग्रह नाही. हे सगळं ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये राहतं आणि लपवलेलं दाखव असं सांगितल्याशिवाय ते दिसतही नाही. नकलेवर होतं म्हणून मिळालं. फक्त कागदपत्रांचा बॅकअप असता तर नसतं मिळालं. कागदावर ओळी वाढत गेल्या: हे कुठे राहतं, ते कुठे राहतं.

गुरुवारी बाबांची पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं यांचा चिवडा. पोटात गोळा आला. फाइल जखमींच्या यादीत नव्हती, मग हे काय? पंधरा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत; बाबा तिच्या आधीच्या फाँटात टाइप करायचे. अशा फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. असतात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, आणि त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो तो फाँट. फाँट नाही तर मराठी नाही. आणि फाँट राहतात विंडोजच्या फोल्डरमध्ये, ज्याचा बॅकअप घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. नकलेतल्या फाँट फोल्डरमध्ये जाऊन तारखेप्रमाणे लावलं, बाबांनी टाकलेले चार फाँट वेगळे दिसले. इन्स्टॉल केले, फाइल पुन्हा उघडली. पहिली ओळ होती, 'आज पाऊस नाही, म्हणून लिहायला बसलो.'

तुमच्या घरात जुन्या मराठी फाइली असतील तर आजच ते फाँट त्याच फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, आणि प्रत्येक फाइलीची एक पीडीएफ काढा. युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात. मी रोज दोन फाइली करते.

शेवटचे दोन दिवस पुढच्या सोयीत गेले. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर असा नियम सांगतात. मी त्यातलं जमेल तेवढं केलं: दोन एक्सटर्नल डिस्क, आलटून पालटून, एक कायम बहिणीकडे. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची, जोडलेली ठेवायची नाही. जोडलेली असली तर व्हायरसही तिच्यापर्यंत पोचतो आणि विजेचा झटकाही. दर महिन्याला त्यातल्या कुठल्याही पाच फाइली लॅपटॉपवर उघडून बघते. आकार २ केबी दिसला की अजूनही छातीत धस्स होतं. नव्या विंडोजनं न विचारता एसएसडी कुलूपबंद केली होती, तिची ४८ अंकी की कागदावर लिहून यादीला टाचली.

जुनी डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत, वर तारीख घालून कपाटात आहे. सेक्टर धड नसल्यामुळे ती पूर्ण पुसली जाईल याची खात्री नाही, म्हणून कुणाला देता येत नाही. भाऊ म्हणतो, तबकड्यांतून ड्रिल मारून टाक. ड्रिल आणलंय. अजून मारलेलं नाही.